इंदुबाई आणि नऊ घरांचा आकडा

तारापूरजवळच्या सालवडला इंदुबाईच्या खानावळीत जेवून गेलेला कुणीही एक गोष्ट सांगेल. तिथं ताटासाठी थांबावं लागत नाही. तुम्ही चपला काढून बाकावर टेकताय तोच समोर ताट येतं, आणि तुम्हाला जे हवं असतं तेच त्यात असतं. कंपनीतून दमून आलेल्या माणसाला काय पाहिजे ते त्याच्या तोंडावरच दिसतं, असं इंदुबाई म्हणते. मागितल्यावर वाढायचं ते काय वाढणं? भुकेल्याला ताटकळत ठेवण्यासारखं पाप नाही, हे तिचं ब्रीद. आणि ह्याच ब्रीदापायी तिनं स्वतःच्या वाढलेल्या ताटात माती कशी कालवली, ते आता ऐका.

बाई मूळची परभणीकडची. नवरा नागोराव तारापूरच्या एमआयडीसीत बॉयलरवर. एकुलती एक लेक सपना लग्न होऊन वसईला गेली आणि घरात बोलायला माणूस उरलं नाही. नागोराव होता, पण त्याला बोलण्यात धरायचं नाही. "आमटी कशी झाली?" "बरी हाय." "पाणी तापवू का?" "तापव." एवढ्यावर त्यांचा सगळा संसार निभावला. इंदुबाईची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवरा मुका तर मुका, पण तो साऱ्या जगाशीच मुका होता. तिच्या वाट्याला जेवढं येत होतं तेवढंच बाकीच्यांच्या वाट्याला.

त्याला खोड एकच. पाढ्यांची. खानावळीत नवा गडी दिसला की हा त्याच्या ताटाशी जाऊन उभा राहणार आणि विचारणार, "एकोणतीस साते?" तो बिचारा घास गालात धरून बघत राहायचा. मग "दोनशे तीन" असं स्वतःच सांगून नागोराव समाधानानं हात धुवायला जायचा. लोक हसायचे. इंदुबाईही हसायची. कुणाला तंबाखूचा नाद असतो, ह्याला पाढ्यांचा, त्यात काय एवढं.

मग प्रतीक्षा आली. पोरगी लातूरची, एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलेली. इंदुबाईच्याच चाळीत तिनं खोली घेतली आणि जेवण अर्थातच खानावळीत. पहिल्याच दिवशी नागोराव तिच्या ताटाशी जाऊन उभा राहिला. "एकोणतीस साते?"

"दोनशे तीन," भाकरी मोडता मोडता ती म्हणाली. मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. "आता मी विचारू का, काका?"

नागोरावला आजवर उलट प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तो बाकावर बसला.

"नऊ घरांचा एक आकडा आहे," ती म्हणाली. "एक ते नऊ सगळे अंक त्यात आहेत, प्रत्येक एकदाच. डावीकडून दोन घरं घेतली तर दोनानं भाग जातो. तीन घेतली तर तिनानं. चार घेतली तर चारानं. असं करत करत नवापर्यंत. बाकी कुठंच उरत नाही. असा आकडा एकच आहे. कोणता?"

"एकच?"

"एकच."

त्या दिवशी नागोरावनं दुसरी भाकरी घेतली नाही. खानावळवाल्या बाईच्या हिशेबी ही चांगली खूण नव्हे, पण इंदुबाईनं तेव्हा मनावर घेतलं नाही.

बॉयलरवरचं काम कसं असतं ते सांगतो. प्रेशरचा काटा बघायचा आणि पाण्याची काच बघायची. आठ तास तेच. मोबाईल गेटवर जमा, गप्पा मारायला शेजारी कुणी नाही. नागोरावनं तिथं बसून तो आकडा डोक्यात मांडायला घेतला. कागदाला हात लावायचा नाही, मोबाईलात शोधायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. "कागदावर मांडलं की ती नुसती आकडेमोड झाली. डोक्यात ठेवलं तर तो सोबतीला ऱ्हातो," असं तो म्हणाला. आणि हे तो इंदुबाईला म्हणाला नाही. प्रतीक्षाला म्हणाला.

मग रोजचंच झालं. ड्यूटीवरून आला की चहाचा कप घेऊन तो चाळीच्या ओट्यावर बसायचा, प्रतीक्षा तिच्या दारात बसायची, आणि नागोराव बोलायचा. हो, बोलायचा. मधलं घर पाचाचंच असणार हे त्याला आधीच कळलं होतं, कारण पाचानं भाग जायचा तर शेवटी पाच पाहिजे, आणि शून्य तर त्यात नाही. दुसरं, चौथं, सहावं, आठवं घर समच पाहिजे. हे सगळं तो हात हलवून, डोळे बारीक करून, मधेच थांबून, पुन्हा सुरुवात करून सांगायचा. ह्या माणसाला एवढी लांब वाक्यं येतात हे इंदुबाईला पिठात हात घालून उभं राहिल्यावर खिडकीतून कळलं.

तिला जे झालं त्याला उगाच दुसरं नाव द्यायचं कारण नाही. ती जळत होती. पोरगी सपनाच्या वयाची, 'काका' म्हणते, 'मावशी' म्हणते, वावगं काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेच तर दुखणं होतं. वावगं असतं तर चार बाया जमवून तमाशा केला असता, झिंज्या धरल्या असत्या. पण नवरा दुसऱ्या बाईशी सात आणि आठाच्या भागाकाराबद्दल बोलतो, ही तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

एका संध्याकाळी तर त्यानं कहर केला. प्रतीक्षाला म्हणाला, "ही पंगत हाय बग. पहिला मानूस आला, त्याला वाढलं. दुसरा आला, येताना त्यानं बी कायतरी आनलं, ते पातेल्यात टाकलं आन दोघात सारखं वाटलं. मग तिसरा. मग चौथा. नववा जेवून उठंपर्यंत कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्त न्हाई, आन पातेलं रिकामं."

"वा, काका," प्रतीक्षा म्हणाली. "असं मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर."

इंदुबाईनं परात आपटली. पातेलं कुणाचं? पंगत कुणाची? सकाळपासून चुलीशी मरायचं हिनं, आणि त्यातली उपमा काढून वाढायची तिला? आमटीला 'बरी हाय'च्या पुढं एक शब्द ह्या तोंडातून कधी निघाला नव्हता.

तिच्याकडे भाकऱ्या थापायला सोमी यायची, डोंगराकडच्या पाड्यावरची, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "इंदुबाय, तो आकडा काय तुझा नवरा पलवून नेनार हाय?"

"आकडा कशाला नेतोय? हाच निघालाय त्याच्यामागं."

"मग तू पन जा ना. ओट्यावर जागा नाय का?"

इंदुबाई गेली नाही. तिथं जाऊन बसायचं म्हणजे 'मला समजत नाही' असं त्या पोरीसमोर म्हणायचं. त्यापेक्षा तिनं दुसरा मार्ग काढला. प्रतीक्षाच्या ताटात काठाला करपलेली भाकरी जायला लागली. तिच्या वाटीत आमटीचं वरचं पाणी. आणि एकदा तर सगळ्यांची ताटं वाढून झाली तरी तिचं आलं नाही. इंदुबाईच्या खानावळीत ताटासाठी थांबलेलं पहिलं माणूस ही पोरगी. ती पाणी पीत बसून राहिली, आणि त्यानं इंदुबाईचा आणखीच तिळपापड झाला.

मग तो दिवस आला. नागोराव बसमधून उतरला तोच जवळजवळ पळत. इंदुबाईनं चहा पुढं केला, तर तो तिला ओलांडून ओट्यावर. "प्रतीक्षा, सात गेला. चौदा लाख बहात्तर हजार पाचशे त्र्याऐंशी. सातानं भाग जातो. एकदम चोख."

ती पोरगी दारातून उठून आली. "पुढं?"

"उरले सहा आन नऊ. आठवं घर सम पायजे, म्हंजे सहा लावायचे." तो थांबला. "आठावर चार उरले." आणि तो हसायला लागला. हरलेला माणूस हसावा तसा नाही, पोरगा शेजारच्या कैरीला दगड मारून चुकला की हसतो तसा. प्रतीक्षाही हसली. कप हातात धरून इंदुबाई दारात उभी होती. नवऱ्याचं हसणं तिनं सपनाच्या बारशानंतर ऐकलं नव्हतं.

तिला त्यात हसणं तेवढंच दिसलं नाही, भूकही दिसली. आणि ती चुकली ती इथंच. आयुष्यभर माणसांच्या तोंडावरची भूक ओळखण्यात जिनं घालवलं, तिला वाटलं, हा माणूस उपाशी आहे. ही पोरगी त्याला रोज वास देते आणि ताट देत नाही. ते ताट आपण वाढायचं. मग बघू तो कुणाच्या ओट्यावर बसतो.

कुंभवलीचा कमलेश कंपनीची बस चालवायचा आणि दुपारी जेवायला यायचा. आकड्याचा नियम आता इंदुबाईला तोंडपाठ होता, खिडकीतून काय कमी ऐकलं होतं? तिनं तो कमलेशला सांगितला. त्यानं हात धुतले, मोबाईल काढला, दोन बोटं फिरवली.

"यात काय हाय, मावशी. मोबाईलवर सगला हाय. लिवून देऊ?"

"नको. सांग, मी पाठ करते."

अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. कणीक मळताना, कांदा चिरताना, ताटं लावताना तिनं ते घोकलं. अडतीस, सोळा, चौपन्न, सात, एकोणतीस. सोमी तिच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी नागोराव ओट्यावर बसला, प्रतीक्षा दारात. इंदुबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"अहो, तुमचा आकडा. अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस."

प्रतीक्षा चटकन म्हणाली, "मावशी, नका..." व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नागोरावनं डोळे मिटले. ओठ हलत होते. अडतीस, दोनानं गेला. तीन आठ एक बारा, तिनानं गेला. सोळा, चारानं. पाच. सहा. सातावर त्याला वेळ लागला. मग आठ. मग त्यानं डोळे उघडले.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "कुठं भेटला?"

"कमलेशच्या मोबाईलात." तिनं प्रतीक्षाकडे बघून घेतलं. "एका मिंटात भेटला. इतके दिवस उगंच तुमाला ताटकळत ठेवलं कुनी कुनी."

नागोरावनं चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि आत जाऊन टीव्ही लावला. प्रतीक्षानं दार लोटून घेतलं. ओटा रिकामा झाला. इंदुबाईला वाटलं, आपण जिंकलो.

आणि तसं बघायला गेलं तर ती जिंकलीच. नागोराव ओट्यावर बसेनासा झाला. घरी आला की घरात. "जेवलीस का?" असं विचारायला लागला. तिच्यासोबत बसून भाजी निवडायला लागला. तिनं जे जे मागितलं असतं ते सगळं न मागता समोर आलं. दोन-चार दिवस तिनं ते अगदी मिटक्या मारत उपभोगलं, सोमीलाही ऐकवलं.

मग खानावळीत एक नवा गडी आला. इंदुबाई वाट बघत राहिली. नागोराव त्याच्या ताटाजवळून गेला आणि हात धुवायला निघून गेला. त्यानं काही विचारलंच नाही.

"अहो, नवा हाय त्यो," ती म्हणाली.

"असंल."

त्या संध्याकाळी गवार निवडता निवडता तो आपण होऊन बोलला. "इंदू, तो आकडा व्हता तवा बॉयलरवर आठ तास कवा सरायचे कळायचं न्हाई. आता आठ तास आठ तास वाटतात." एवढंच. त्यात राग नव्हता. रागावला असता तर ती भांडली असती, आणि भांडणात तिला कुणी हरवलेलं नाही. पण तो शेंगेचा दोर काढत राहिला, आणि इंदुबाईला पहिल्यांदा कळलं की आपण उपाशी माणसाला जेवू घातलं नाही. आपण जेवत्या माणसापुढचं ताट उचललं.

तिच्या मनातली जळजळ मात्र गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं धपाटे केले, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला, आणि प्रतीक्षाच्या दारात जाऊन उभी राहिली. आधी भांडायचं, मग द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"तुला तो आकडा येत नव्हता ना? कमलेशला आला, तुला आला न्हाई. शिकलेली म्हनं."

प्रतीक्षानं धपाट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मावशी, मला तो कॉलेजपासून पाठ आहे."

"मग सांगितला का न्हाई?"

"काकांनी कधी विचारलाच नाही."

इंदुबाई उंबऱ्यावरच बसली. रोज संध्याकाळी ती पोरगी समोर बसून, उत्तर पोटात ठेवून, चार उरले म्हणून त्याच्याबरोबर हसत होती. एका शब्दानं तिनं त्याचा आनंद मोडला नव्हता. आणि आपण, लग्नाची बायको, मिरवत जाऊन मोडला. हेवा आधीही होता, पण आता तो जिथं लागला तिथं औषध नव्हतं. नवऱ्याला काय पाहिजे हे त्या परक्या पोरीला कळलं होतं, आणि जिला तालुक्याची भूक तोंडावरून कळते तिला कळलं नव्हतं.

"तुला माझी खुन्नस न्हाई आली?" तिनं विचारलं. "करपलेली भाकर घातली तुला मी."

"आली ना. म्हणून तर मी चार दिवस बाहेर जेवले."

हे मात्र इंदुबाईला आवडलं. पोरगी अगदीच देवी नव्हती. तिनं धपाट्यांचं ताट पुढं सरकवलं.

"दुसरा हाय का एखादा? लवकर न सुटनारा?"

प्रतीक्षा धपाटं मोडत विचार करत राहिली. "एक आहे. पण तो ह्याच्या उलटा आहे. तो सगळ्यांना सारखा वाटून जायचा. हा कुणालाच वाटून जात नाही. स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कुठल्याच आकड्यानं त्याला भाग जात नाही. शेवटचा अंक उडवला तरी उरलेल्याला जात नाही. आणखी एक उडवला तरी नाही. असं करत एकच अंक उरेपर्यंत कुणाला वाटा म्हणून देत नाही. असे बरेच आहेत, त्यातला सगळ्यात मोठा शोधायचा."

"कुनालाच वाटा न्हाई?"

"कुणालाच."

"हा बरा," इंदुबाई म्हणाली. "हा माझ्यासारखा हाय."

प्रतीक्षा हसली. "किती घरांचा आहे, सांगू?"

"गप. मला काय बी सांगू नको. माझ्या पोटात ऱ्हात न्हाई, तुला म्हाईत हाय." ती उठली, पदर खोचला. दोन पावलं जाऊन पुन्हा वळली. "आन त्यांना तू सांगायचा न्हाईस. मी सांगनार. मोबाईलात बी बघू द्यायचं न्हाई कुनाला, मी कमलेशला दम देते."

नियम तिला नीट म्हणता येईस्तोवर तिनं सोमीला तीनदा ऐकवला. सोमी म्हणाली, "इंदुबाय, मना भाकरी थापू दे." तरी इंदुबाईनं चौथ्यांदा ऐकवला.

नागोराव आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. इंदुबाईनं ताट वाढलं, आमटी घातली, आणि त्यानं पहिला घास उचलला तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. मधे एकदा अडखळली, शेपटीकडून उडवायचं की डोक्याकडून ते विसरली, मग आठवलं. बोलून झाल्यावर ती आमटीच्या पातेल्यात बघत राहिली.

घास हातातच राहिला होता. "एक अंक उरला तर तो बी वाटा न देनारा पायजे?"

"व्हय. अशीच हाय मी. म्हंजे असाच हाय तो."

"मग दोन, तीन, पाच, न्हाईतर सात. सातापासून बगू." आमटी भाकरीवरून ताटात ओघळत होती. "एकाहत्तर चालतोय. सातशे तेरा?" तो छताकडे बघायला लागला. इंदुबाईला सातशे तेराचं काही म्हणता काही कळत नव्हतं, पण ती पातेलं बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसली.

"सातशे तेराला कोन वाटा मागतंय?" तिनं विचारलं.

"थांब जरा." बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तेवीस. तेवीसला एकतिसानं गुनलं की सातशे तेरा. गेला कामातून."

"मग त्यो सोडा. दुसरा बगा."

दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर दोन कप होते. नागोराव हात हलवून सांगत होता, इंदुबाई मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत ऐकत होती, आणि न समजलेल्या ठिकाणीही "मग?" म्हणत होती. प्रतीक्षा ड्यूटीवरून आली, चपला काढता काढता थांबली.

"काय चाललंय, काका?"

नागोराव तोंड उघडणार तोच इंदुबाई म्हणाली, "आमचं चाललंय कायतरी. तुझं ताट वाढून ठेवलंय, जा, जेवून घे."